३० सेकंदांची जाहिरात, दोन दिवसांचं शूट: रॉ की प्रोरेस, आणि डिस्क किती लागतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मसाल्याच्या ब्रँडची ३० सेकंदांची टीव्ही जाहिरात, मुंबईतल्या स्टुडिओत दोन दिवसांचं शूट. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराचा सेट आणि कलाकार. दुसऱ्या दिवशी टेबल-टॉप, म्हणजे पॅकशॉट आणि हवेत उडणारे मसाले. कॅमेरा अलेक्सा मिनी, सोबत २५६ जीबीची तीन सीफास्ट कार्डं. टीव्हीच्या फिल्मशिवाय मोबाइलसाठी उभ्या फ्रेमच्या छोट्या फिल्मसुद्धा द्यायच्या आहेत. एजन्सीच्या मेलमध्ये 'फोर के रॉ' (रॉ म्हणजे सेन्सरवरून आलेला, प्रक्रिया न केलेला डेटा) असं लिहिलंय, आणि निर्मात्याच्या मते २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क भरपूर झाल्या. डीओपी (छायाचित्रण दिग्दर्शक) म्हणून ही तुमची पहिलीच जाहिरात, आणि या दोघांच्या मध्ये तुम्ही अडकलात.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. ३.२के, प्रोरेस ४४४४ (कॅमेऱ्यातच दाबून लिहिलेली व्हिडिओ फाइल), लॉग-सी (उजळ आणि गडद भागांचा तपशील राखणारी फिकट प्रतिमा), प्रोजेक्ट २५ फ्रेम, शटर १८० अंश, ईआय (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००. उडणाऱ्या मसाल्यांसाठी वेगळा हाय-स्पीड कॅमेरा, तोही फक्त दुसऱ्या दिवशी. कार्डं तीनऐवजी पाच. ४ टीबीच्या तीन डिस्क, त्यातली एक एसएसडी. आणि डेटा सांभाळायला एक स्वतंत्र माणूस, ज्याच्याकडे त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नसेल. रॉ या कामाला लागत नाही. रॉवर जाणारे पैसे कार्डं, एसएसडी आणि त्या माणसाकडे वळवा.

ही सगळी सेटिंग शेवटाकडून मागे येत ठरतात. त्यामुळे कॅमेऱ्याचा मेनू उघडण्याआधी पोस्ट हाउसला फोन करा. मास्टर (अंतिम फाइल) कुठल्या मापाचा लागणार, उभ्या आणि चौकोनी फिल्म त्याच फुटेजमधून कापायच्या की वेगळ्या शूट करायच्या, कुठल्या शॉटला क्रोमा (मागे हिरवा-निळा पडदा लावून पार्श्वभूमी बदलणं) आहे, ऑफलाइन एडिट (हलक्या फाइलवरचं पहिलं संकलन) कुठल्या सॉफ्टवेअरवर आहे, डिस्क मॅकवर लागणार की विंडोजवर, एवढं विचारा आणि उत्तरं मेलवर घ्या. प्री-प्रॉडक्शन मीटिंगमध्ये एजन्सीसमोर ठेवायला हाच मेल उपयोगी पडतो. डीओपीचं तोंडी मत तिथे फार टिकत नाही, पोस्टचा लेखी निरोप टिकतो.

आपल्याकडे एचडी वाहिन्यांसाठीचा मास्टर १९२० × १०८०, २५ फ्रेम आणि रेक. ७०९ या रंगप्रणालीत जातो. प्रसारणात तो १०८०आय होतो, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. अलेक्सा मिनीच्या ३.२के फ्रेममध्ये ३२०० × १८०० पिक्सेल असतात, म्हणजे फुल एचडीच्या जवळजवळ पावणेतीन पट. फ्रेम थोडी आत ढकलायची, हलका धक्का स्टॅबिलाइझ करायचा, पॅकवरचा लोगो जरा मोठा दिसायला हवा, अशा सगळ्या नेहमीच्या मागण्या एवढ्या पिक्सेलमध्ये सहज भागतात.

आता एजन्सीच्या 'फोर के रॉ'कडे येऊ. अलेक्सा मिनीवर असं सेटिंगच नाही. तिचा सेन्सर ओपन गेटमध्ये, म्हणजे पूर्ण सेन्सर वापरून, ३४२४ × २२०२ पिक्सेल देतो आणि रॉ त्यापेक्षा मोठं होऊच शकत नाही. मेनूत दिसणारं 'फोर के यूएचडी' हे प्रोरेस आहे, कॅमेरा ३.२केची प्रतिमा आतल्या आत मोठी करून ३८४० × २१६० मापाने लिहितो. तपशील तेवढाच राहतो, डेटा मात्र ४४ टक्क्यांनी वाढतो. हे एजन्सीला सौम्यपणे आणि शूटच्या बरंच आधी सांगा. मेल लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा 'दर्जा उत्तम हवा' इतकाच असतो. पण करारात खरोखरच सेन्सरवरून थेट ४के मिळालं पाहिजे असं कलम असेल, तर कॅमेरा बदला. अलेक्सा ३५ किंवा सोनी व्हेनिस घ्या आणि त्यांचं भाडं बजेटमध्ये धरा. मिनी ठेवून यूएचडीचा पर्याय निवडायचा आणि '४के दिलं' म्हणायचं, हे मला पटत नाही.

उभ्या फ्रेमचा हिशेबही करून ठेवा, कारण हल्ली वाद तिथेच होतात. १९२० × १०८०च्या आडव्या फ्रेममधून ९:१६ची उभी पट्टी कापली तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात आणि मोबाइलला १०८० लागतात. चेहरे मऊ पडलेले लगेच कळतात. ३.२केमधून कापलं तर १०१२ × १८०० मिळतात, म्हणजे साडेसहा-सात टक्के मोठं करायचं, जे डोळ्याला कळत नाही. म्हणून ३.२केच्या खाली येऊ नका. मॉनिटरवर १६:९ आणि ९:१६ अशा दोन्ही फ्रेमलाइन लावा, आणि स्टोरीबोर्डातले कुठले शॉट उभ्या फिल्ममध्ये जाणार आहेत ते दिग्दर्शकाकडून आधीच खुणा करून घ्या. प्रत्येक शॉट दोन्ही फ्रेमसाठी सांभाळायला गेलात तर आडवी फ्रेम पोकळ होते. सगळं मधोमध आणि कडा रिकाम्या. टीव्हीच्या फिल्मची रचना मोबाइलसाठी बिघडवू नका. दोन-तीन महत्त्वाचे शॉट उभ्या फ्रेमसाठी वेगळे घेतलेले परवडतात.

रॉ नको म्हणतो त्याचं कारण नीट सांगायला हवं, कारण रॉ चांगलंच आहे. रॉमध्ये ईआय आणि व्हाइट बॅलन्स ही फक्त फाइलसोबतची नोंद असते, ग्रेडिंगला ती बदलता येते. प्रोरेसमध्ये दोन्ही प्रतिमेत पक्की होतात. म्हणजे प्रोरेस निवडलंत की व्हाइट बॅलन्सची जबाबदारी सेटवर येऊन पडते. स्टुडिओत, तुमच्याच लाइट्समध्ये, ही जबाबदारी अवघड नाही. दिवसाच्या सुरुवातीला ग्रे कार्ड आणि कलर चार्ट रोल करा, केल्व्हिनचा आकडा ठरवून टाका आणि ऑटोला हात लावू नका. ४४४४मध्ये १२ बिटपर्यंतची माहिती बसते आणि रंगाची विभागणी पूर्ण ४:४:४ असते. लॉग-सीसोबत एवढ्या मालमसाल्यावर कुठलाही चांगला कलरिस्ट टीव्ही जाहिरातीसाठी हवा तो लुक काढून देतो.

ओपन गेट रॉची एक फ्रेम साधारण ११.३ एमबीची. २५ फ्रेमला सेकंदाला २८३ एमबी, तासाला १ टीबीहून जरा जास्त. तुमच्या २५६ जीबीच्या कार्डावर ते फक्त १५ मिनिटं मावतं. ३.२के प्रोरेस ४४४४ सेकंदाला साधारण ९६ एमबी घेतं, तासाला ३५० जीबीच्या आसपास, आणि त्याच कार्डावर ४४ मिनिटं बसतात. फरक तिपटीचा आहे. दर १५ मिनिटांनी कार्ड बदलणं म्हणजे कलाकार रंगात आलेला असताना 'कार्ड चेंज' अशी हाक देणं. लहान मुलासोबत शूट असेल तर तो सूर पुन्हा सापडेल याची खात्री नाही.

खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला मिश्र प्रकाश आवरता येत नसेल, एकाच फ्रेममध्ये व्हीएफएक्सचे अनेक थर असतील, किंवा ब्रँडला चित्रपटगृहात मोठ्या पडद्यावर खास आवृत्ती दाखवायची असेल, तर रॉ घ्या आणि पूर्ण तयारीने घ्या. तुमच्या कामात यातलं काही नाही. उलट दिशेने, बजेट फारच आवळलं तर पहिल्या दिवशी ४२२ एचक्यू चालेल. डेटा एक-तृतीयांशाने कमी होतो. पण ज्या शॉटला क्रोमा आहे तिथे ४४४४च ठेवा. ४२२मध्ये रंगाची आडवी माहिती अर्धी असते. केसांच्या कडा, वाफ, पारदर्शक वाटी अशा ठिकाणी क्रोमाची पार्श्वभूमी कापून काढताना ती कमतरता टोचते. आणि काहीही मिसळलंत तरी पोस्टला आधी कळवा.

मसाल्याच्या जाहिरातीत रंगाची एक खास अडचण येते, तिच्यावर जरा थांबतो. लाल तिखट आणि हळद हे अतिशय गडद, शुद्ध रंग. मॉनिटरवर रेक. ७०९चा लट (लॉगचे रंग बदलून दाखवणारा तक्ता) लावलेला असतो, त्यात तिखटाचा ढीग एक सपाट लाल डाग दिसतो. कण दिसत नाहीत, पोत दिसत नाही. क्लायंट लगेच म्हणतो की रंग जळलाय. मग घाईने लाइट कमी केला जातो, आणि पॅक अंधारात जातो. अशा वेळी लट काढून लॉग सिग्नल पाहा आणि आरजीबी परेडवर (लाल, हिरवा, निळा यांची पातळी वेगवेगळी दाखवणाऱ्या आलेखावर) लाल वाहिनी वर आपटतेय का ते तपासा. बहुतेक वेळा ती आपटलेली नसते. पोत फाइलमध्ये शाबूत असतो, मॉनिटरचा लट तो दाखवत नसतो. तेव्हा ढिगाला बाजूने, खालच्या कोनातून प्रकाश द्या, कणांच्या सावल्या उमटतील. आणि क्लायंटच्या मॉनिटरसाठी थोडा कमी रंगाचा दुसरा लट कलरिस्टकडून आधीच बनवून घ्या. मात्र क्लायंटला नुसता लॉग कधी दाखवू नका. ती फिकट प्रतिमा एकदा पाहिली की दिवसभर शंकांचं समाधान करत बसावं लागतं, आणि तो वेळ लाइटिंगचा असतो.

ईआय ८००च का? अलेक्सा मिनीत मिड ग्रेच्या (मधल्या राखाडी छटेच्या) वर आणि खाली मिळणाऱ्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) वाटणी तिथे समतोल असते. ईआय कमी केला की सावल्या स्वच्छ होतात पण वरची, उजळ भागाची जागा घटते. स्टीलची भांडी, पॅकचा चकचकीत कागद, तेलावरची चमक हे सगळं तुमच्या फ्रेममध्ये आहे. वरची जागा तुम्हाला हवीच आहे. मेनूत शिरलेच आहात तर शार्पनेस किंवा डीनॉइझ कुणी आधीच्या कामात बदलून ठेवलंय का तेही बघा. भाड्याचा कॅमेरा कालच्या कामाची सेटिंग घेऊनच येतो. आधी फॅक्टरी रिसेट, मग आपली सेटिंग, मग ती यूएसबी स्टिकवर सेव्ह.

फ्रेम रेट २५. चित्रपटाच्या सवयीने २४ ठेवू नका. वाहिन्यांना २५ लागतात, आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम आणि १८० अंश म्हणजे शटर १/५०; या काळात दिव्याची दोन आवर्तनं पूर्ण होतात आणि फ्लिकर दिसत नाही. ५० फ्रेमला १८० अंश म्हणजे १/१००, तेही सुरक्षित. १०० फ्रेमला गेलात की शटर १/२०० होतं आणि सेटवरच्या स्वयंपाकघरातला ट्यूब, ओट्याखालची एलईडी पट्टी, फ्रिजचा दिवा हे सगळं लुकलुकायला लागतं. आर्ट डिपार्टमेंटने बाजारातून आणलेले एलईडी दिवे आदल्या दिवशीच कॅमेऱ्यासमोर, ज्या वेगाने शूट करणार त्याच वेगाने, लावून बघा. डिमरवर खाली आणलेले स्वस्त एलईडी तर साध्या वेगालाही दगा देतात.

जाहिरात चित्रपटगृहातही दाखवायची असेल तर तिथे सहसा २४ लागतात. २५ची फिल्म २४ने चालवली की चार टक्के संथ होते, आवाज दुरुस्त करता येतो, आणि हे पोस्टमध्ये नेहमीचं काम आहे. त्यासाठी शूट २४वर नेऊ नका.

स्लो मोशन करताना 'प्रोजेक्ट' फ्रेम रेट २५च राहू द्या, बदलायचा तो फक्त 'सेन्सर' फ्रेम रेट. दोन्ही बदलले की फाइल जास्त फ्रेमची म्हणून नोंदली जाते, टाइमकोडचा (प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या नोंदीचा) पाया बदलतो आणि एडिटर दोन दिवस गोंधळात पडतो. अलेक्सा मिनी ३.२केमध्ये फार तर ६० फ्रेमपर्यंत जाते. त्यावर २०० फ्रेमपर्यंत जायचं तर २के किंवा एचडीवर उतरावं लागतं. केसांची झुळूक, दुपट्टा, ओतली जाणारी डाळ एवढ्याला ५० ते १०० फ्रेम पुरतात. हवेत फेकलेलं तिखट किंवा तेलात पडणारी मोहरी २०० फ्रेमलाही धावतच सुटते. तिथे फँटम फ्लेक्स४के सारखा कॅमेरा लागतो, जो ४केला सेकंदाला १००० फ्रेम घेतो. प्रत्यक्षातला एक सेकंद पडद्यावर ४० सेकंद चालतो.

त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १००० फ्रेमला १८० अंश म्हणजे शटर १/२०००. नेहमीच्या १/५०पेक्षा ४० पट प्रकाश हवा, म्हणजे पाच स्टॉपहून जास्त. गॅफरला (लाइट्सच्या प्रमुखाला) हे आठवडाभर आधी कळलं पाहिजे. जनरेटरचा लोड, मोठ्या फिलामेंटचे टंगस्टन किंवा हाय-स्पीड बॅलास्टवरचे एचएमआय, सगळं त्यावर ठरतं. त्या उजेडात पॅकची प्लॅस्टिक पिशवी वाकडी होते आणि कोथिंबीर पाच मिनिटांत मान टाकते, म्हणून फूड स्टायलिस्टलाही सांगा. शॉट लागेपर्यंत स्टँड-इन पॅक, लाइट अर्ध्यावर.

या कॅमेऱ्याची रेकॉर्डिंगची पद्धतही वेगळी. तो सतत आपल्या आतल्या मेमरीत फिरत्या पद्धतीने लिहीत असतो. प्रसंग घडून गेल्यावर ट्रिगर दाबायचा, मग त्यातला हवा तेवढा तुकडा निवडून मॅगवर (कॅमेऱ्याच्या काढता येणाऱ्या मेमरीवर) सेव्ह करायचा. १००० फ्रेमला ४केमध्ये एका सेकंदाचं रॉ जवळपास १३ जीबी होतं. म्हणून आधी कापा, मग सेव्ह करा. उडालेल्या तिखटाचा उपयोगी भाग बहुतेक पाऊण सेकंदाचा असतो. दिग्दर्शक 'सगळं ठेवा' म्हणाला तर त्याला प्लेबॅक दाखवा आणि तिथेच निवड करून घ्या. सेव्ह होईपर्यंत पुढचा टेक थांबतो, म्हणजे फाइल लहान ठेवण्यात सेटचा वेळच वाचतो.

आता स्टोरेज. जाहिरात ३० सेकंदांची आहे यावरून काहीही ठरवू नका; कॅमेरा दिवसभरात किती वेळ रोल होतो ते मोजायचं. माझ्या अनुभवात जाहिरातीच्या एका शिफ्टला दीड ते अडीच तास फुटेज होतं, आणि दिग्दर्शक 'कट' न म्हणता परत परत घेणारा असेल तर आणखी. अडीच तास धरा. ३५० जीबीने दिवसाला ८७५ जीबी, दोन दिवसांचे पावणेदोन टीबी. ५० फ्रेमला घेतलेलं प्रत्येक मिनिट दोन मिनिटांची जागा खातं, हेही त्यात मिळवा. हाय-स्पीडचे वीस-पंचवीस तुकडे धरले तर ३०० जीबी. आवाज, प्रॉक्सी (एडिटसाठीच्या हलक्या प्रती), स्थिरचित्रं मिळून थोडं. एकूण सव्वादोन टीबीच्या जवळ जातं.

निर्मात्याची २ टीबीची डिस्क इथेच संपली. शिवाय २ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजवर १.८२ टीबीच दाखवते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ने. डिस्क काठोकाठ भरणंही बरं नव्हे. फिरत्या डिस्कचा वेग शेवटाकडे बराच पडतो. ४ टीबी घ्या. दोन्ही डिस्कच्या किमतीतला फरक निर्मात्यासमोर एका शिफ्टच्या खर्चाशेजारी लिहून ठेवा, फार बोलावं लागणार नाही.

पण जागेपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे, आणि निर्माते नेमका तोच हिशेबात धरत नाहीत. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १२० ते १३० एमबीने लिहिते. २५६ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला साधारण ३३ मिनिटं, आणि पडताळणीसाठी तेवढाच वेळ परत वाचायला. एक तास पाच मिनिटं, एका कार्डाला. पॅक-अप झाल्यावर शेवटचं कार्ड हातात आलं की डेटावाला, कॅमेरा अटेंडंट आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असे सगळे एका निळ्या पट्टीकडे बघत थांबतात. याच क्षणी कुणीतरी 'व्हेरिफाय राहू दे' म्हणतं. एसएसडीवर तेच कार्ड दहा मिनिटांत उतरतं आणि पडताळणीसकट वीस मिनिटांत मोकळं होतं. म्हणून पहिली प्रत एसएसडीवर घ्या, आणि तिथून दोन हार्ड डिस्कवर शांतपणे उतरवत राहा. एसएसडी निवडताना खोक्यावरचा वेग पाहून भुलू नका. काही स्वस्त एसएसडी पहिले काही जीबी झपाट्याने घेतात आणि मग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतात. ३०० जीबी सलग कॉपी करून बघा आणि मगच शूटला न्या.

कार्डं पाच सांगितली त्याचं कारण हे की त्याच दिवशी कार्ड फॉरमॅट करण्याची वेळच येऊ नये. तीन कार्डांवर १३२ मिनिटं मावतात, तुमचा दिवस दीडशेचा आहे. म्हणजे संध्याकाळी, सगळे दमलेले असताना, घाईने एक कार्ड रिकामं करून परत द्यावं लागणार. फुटेज जातं ते बहुतेक वेळा अशाच घाईत. कार्ड बिघडून जाण्याचं प्रमाण त्या मानाने कमी. सहा-सात महिने राबलेली टीम, रात्रभर सेट लावलेले सुतार आणि रंगारी, पहाटे चारला मेकअपला बसलेला कलाकार, या सगळ्यांचं काम त्या बोटभर लांबीच्या कार्डात असतं. दोन जादा कार्डांचं भाडं त्यासमोर मोठं वाटत नाही.

कॉपी कधीही फाइल ओढून करू नका. फाइंडर किंवा एक्सप्लोरर फाइल पोहोचली एवढंच सांगतो, जशीच्या तशी पोहोचली का ते सांगत नाही. चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढणारं सॉफ्टवेअर वापरा: सिल्व्हरस्टॅक, ऑफशूट, शॉटपुट प्रो, योयोटा यांपैकी जे मिळेल ते. यातलं काहीच नसेल तर डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं क्लोन टूलसुद्धा चेकसमसकट कॉपी करतं. चेकसमच्या पद्धतींपैकी एक्सएक्सहॅश हे एमडी५पेक्षा खूप जलद चालतं, सेटवर तेच ठेवा. पूर्ण कार्ड, त्याच्या मूळ फोल्डर रचनेसकट, उचलायचं. आतली एकेक क्लिप निवडून नाही. सोबत एमएचएल फाइल (सगळ्या चेकसमची यादी) तयार होते, ती डिस्कवर राहू द्या. पोस्ट हाउस तिच्या आधारे आपल्या बाजूने तीच पडताळणी पुन्हा करू शकतं.

आणि चेकसम जुळलं म्हणून डोळे मिटायचे नाहीत. चेकसम एवढंच सांगतो की कार्डावर जे होतं तेच डिस्कवर आलं. कार्डावरच खराब लिहिलं गेलं असेल तर दोन्हीकडे सारखंच खराब, आणि चेकसम जुळणार. डेटावाल्याने प्रत्येक क्लिप उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिला पाहिजे. फोकस सुटला, कोपऱ्यात बूमचं टोक आलं, सेन्सरवर धूळ बसलीय, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. चांगला डेटावाला येऊन कानात सांगतो, सेटभर ओरडत नाही. असा माणूस मिळाला की त्याला धरून ठेवा.

कार्ड हाताळण्याचा नियम एकच ठेवा आणि तो सगळ्यांना माहीत असू द्या. कॅमेऱ्यातून निघालेल्या कार्डावर लाल टेप, त्यावर रोल नंबर. टेप काढण्याचा अधिकार फक्त डेटावाल्याला, तोही दोन पडताळलेल्या प्रती झाल्यावर. फॉरमॅट फक्त कॅमेऱ्यात, संगणकावर कधीच नाही. दुसरा कॅमेरा असेल तर त्याचा इंडेक्स 'बी' करा, नाहीतर दोन्हीकडे ए००१ नावाचे रोल तयार होतील आणि कन्फॉर्मच्या वेळी (एडिटला मूळ फुटेज जोडताना) चुकीची क्लिप बसेल.

डेटाचं टेबल व्हिडिओ व्हिलेजपासून (क्लायंट आणि एजन्सीच्या मॉनिटरच्या जागेपासून) दूर, एसीच्या थेट झोताखाली नाही, आणि यूपीएसवर. जनरेटर बदलताना क्षणभर वीज जाते आणि कॉपी अर्धवट तुटते. पोस्टला मॅक आणि विंडोज दोन्ही असल्याने डिस्क सहसा एक्सफॅटमध्ये द्यावी लागते. एक्सफॅटला जर्नलिंग (लिहिताना बदलांची नोंद ठेवण्याची सोय) नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता केबल ओढली तर पूर्ण डिस्क वाचेनाशी होऊ शकते. पावसाळ्यात शूट असेल तर डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

रात्री तीन प्रती तीन वाटांनी जाऊ द्या. एक पोस्ट हाउसला, एक निर्मात्याच्या ऑफिसात, एसएसडी डेटावाल्याकडे. एकाच गाडीत, एकाच बॅगेत तिन्ही गेल्या तर प्रत एकच आहे असं समजा. ऑफलाइनसाठी त्याच रात्री लट लावलेल्या प्रोरेस प्रॉक्सी बनवून द्या, फाइलचं नाव आणि टाइमकोड मूळ फाइलसारखाच ठेवून. नाव बदललं की पुढे मूळ फुटेज जोडताना हाताने शोधावं लागतं. ध्वनीवाल्याला २५ फ्रेमचा टाइमकोड, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगून ठेवा.

एक दिवस कॅमेरा टेस्टसाठी मागून घ्या, निदान अर्धा. याच सेटिंगवर, याच पॅकसमोर, ट्यूब आणि एलईडी पट्टी लावून वीस-तीस सेकंदांच्या क्लिप घ्या, याच एसएसडीवर उतरवा आणि पोस्टला पाठवा. त्यांनी उघडल्या, ग्रेड करून एक फ्रेम परत पाठवली, उभा कट काढून दाखवला, की शूटच्या दिवशी सेटिंगविषयी कुणालाही काही विचारावं लागत नाही.

राहिला शूटनंतरचा भाग. पोस्ट हाउसकडून 'सर्व रोल मिळाले, पडताळले' असा मेल येईपर्यंत भाड्याची कार्डं परत करताना फॉरमॅट करू देऊ नका. शक्य असेल तर ती एक दिवस जास्त ठेवा. जाहिरात प्रसारित झाली म्हणजे फुटेजचं काम संपलं असं होत नाही. सहा महिन्यांनी २० सेकंदांचा कट मागतात, वर्षाने पॅक बदलतो आणि फक्त पॅकशॉट नव्याने बसवायचा असतो, तमिळ किंवा बंगाली आवृत्ती येते. तेव्हा मूळ फुटेज कुणाकडे आहे हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असावं: किती काळ, कुणाच्या ताब्यात, कुणाच्या खर्चाने. नियमित काम करणारे निर्माते एलटीओ टेपवर उतरवून घेतात. एलटीओ-८च्या एका टेपवर १२ टीबी बसतात, म्हणजे तुमच्यासारखी पाच कामं. एवढी सोय नसेल तर दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या पत्त्यांवर ठेवा आणि सहा-आठ महिन्यांनी दोन्ही एकदा लावून, एमएचएलच्या आधारे पडताळून घ्या. या कामासाठी एसएसडी नको. वीज न लावता ती कपाटात दीर्घकाळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरू शकतो. ती पुसून पुढच्या शूटला वापरा, पण क्लायंटने अंतिम मास्टर लेखी मंजूर केल्यावरच.